वेग वाढवला की इनबोर्ड इंजिन तापते: पाणी नेमके कुठे अडत असावे?

प्रश्न

माझ्या बोटीत तीन सिलिंडरचे डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले) इंजिन आहे. मंद गतीने कितीही वेळ चालवले, तरी तापमानाचा काटा ८० अंशांवर स्थिर असतो. मात्र वेग वाढवून दहा-पंधरा मिनिटे झाली की तो ९५ च्या पुढे सरकतो आणि वेग कमी करताच खाली येतो. मी गाळणी साफ केली, पंपातला इम्पेलरही (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बदलला. जुन्या इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी एक मुळापासून तुटलेले होते. एक्झॉस्टमधून पाणी पडते, पण धार पूर्वीपेक्षा बारीक वाटते. दुरुस्तीबरोबरच मूळ रचनाही मला समजून घ्यायची आहे. इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरलेले असताना बाहेर पडणारे हे खारे पाणी येते कोठून, आणि थर्मोस्टॅट बंद असतानाही ते वाहत कसे राहते?

पहिले उत्तर

आपल्या इंजिनात पाण्याचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत आणि ते एकमेकांत कधीही मिसळत नाहीत. आतला मार्ग कूलंटचा आहे: फिरता पंप ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून नेतो, आणि ते पुरेसे तापल्यावर थर्मोस्टॅट उघडून त्याला हीट एक्स्चेंजरकडे वाट देतो. बाहेरचा मार्ग खाऱ्या पाण्याचा. तळाच्या व्हॉल्व्हमधून ते गाळणीत येते, रबरी इम्पेलर ते ओढून पुढे ढकलतो, हीट एक्स्चेंजरमधल्या बारीक नळ्यांतून जाताना ते कूलंटची उष्णता घेते, आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये (वाकलेल्या नळीत) गरम धुरात मिसळून त्याच्यासोबत बाहेर पडते. थर्मोस्टॅट फक्त आतल्या मार्गावर बसवलेला असतो. म्हणून तो बंद असला, तरी इंजिन सुरू झाल्यापासून खारे पाणी वाहतच राहते.

काटा कूलंटचे तापमान दाखवतो, खाऱ्या पाण्याचा प्रवाह नव्हे, हे मनात पक्के ठेवावे. डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच उपयुक्त कामात येतो. उरलेली उष्णता धूर आणि पाणी वाहून नेतात. मंद गतीत ही उष्णता थोडी असल्यामुळे अर्धवट तुंबलेली वाटही पुरते. पूर्ण ताकदीला ती पुरत नाही. आपली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

आता मुख्य मुद्दा. ते तुटलेले पाते गेले कुठे? पंपाच्या घरात सापडले नसेल, तर ते पुढे वाहत जाऊन बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी नळ्यांवर आडवे बसले असेल. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तळाचा व्हॉल्व्ह बंद करावा, एक्स्चेंजरचे टोकाचे झाकण उघडावे आणि तुकडा मिळेपर्यंत शोध थांबवू नये. नवा इम्पेलर बसवून जुन्याचे तुकडे आत राहू देणे ही फार वेळा होणारी चूक आहे. गरम इंजिनावर कूलंटच्या टाकीचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालचे कूलंट क्षणात उसळून चेहरा व हात भाजतात.

दुसरे उत्तर

वरील निदान मलाही पटते. पाते काढूनही फरक पडला नाही, तर एल्बो सोडवून पाहावा. तिथे धुराची काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर बसतो. माझ्या इंजिनाच्या एल्बोत जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. गाळणीच्या झाकणाचे गॅस्केटही तपासावे. पंपाच्या आधीच्या भागात ओढ असते, त्यामुळे गळती असली तरी इंजिन चालू असताना पाणी बाहेर न येता हवाच आत शिरते आणि पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात. धूर काळा येत असेल, तर बोटीचा पंखा (प्रोपेलर) किंवा तळ शेवाळ-शिंपल्यांनी जड झाला आहे का तेही पाहावे, कारण तेव्हा दोष पाण्याचा नसून इंजिनावरच्या ओझ्याचा असू शकतो.

प्रश्नकर्ता

पाते सापडले. एक्स्चेंजरच्या झाकणामागे ते चार नळ्यांवर चिकटून बसले होते आणि त्याच्याभोवती झिजलेल्या झिंक ॲनोडचे (गंज रोखण्यासाठी बसवलेल्या जस्ताच्या तुकड्याचे) पांढरे चुरेही जमले होते. उघडण्यापूर्वी १५०० फेऱ्यांवर एक्झॉस्टखाली बादली धरली होती, तेव्हा मिनिटाला ६ लिटर पाणी आले. आता तेवढ्याच फेऱ्यांवर ११ लिटर येते. अर्धा तास पूर्ण वेगाने चालवूनही काटा ८२ च्या वर गेला नाही.

पहिले उत्तर देणारे

फार चांगले झाले. ११ लिटरचा हा आकडा फेऱ्यांसह नोंदवहीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी काटा हलण्याआधीच घट लक्षात येईल. आणखी एक सावधगिरी: इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर वारंवार फिरवावा लागला, तर तळाचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि इंजिन पेटताच उघडावा. पंप तेव्हाही पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. ते सायलेन्सरमध्ये साचत जाऊन मागे सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते.