सिंको दे मायो: पाच मेचा सण नेमका कोणाचा?

दूरदेशी :
अमेरिकेत आल्यापासून दर वर्षी ५ मे रोजी ऑफिसात एकच दृश्य पाहतो आहे. कॅन्टीनमध्ये कागदी सोंब्रेरो (रुंद काठाच्या मेक्सिकन टोप्या) टांगलेले, टेबलावर ग्वाकामोले आणि मक्याच्या चिप्स, आणि 'आज मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन' असे उत्साहाने सांगणारा कोणीतरी. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो; १८१० साली मिगेल इदाल्गो या धर्मगुरूंनी दोलोरेस गावात बंडाची हाक दिली, तो दिवस. ५ मे ही १८६२ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरापाशी झालेल्या लढाईची तारीख आहे. राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी परकीय कर्जाची फेड थांबवल्यावर ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्सची आरमारे वसुलीसाठी वेराक्रूझ बंदरात आली; ब्रिटन आणि स्पेनची आरमारे बोलणी करून परतली, पण फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनला तिथे आपल्या तंत्राने चालणारी राजवटच हवी होती. जनरल इग्नासियो सारागोसा यांच्या तुटपुंज्या फौजेने लोरेतो आणि ग्वादालुपे या किल्ल्यांवरून फ्रेंचांचे हल्ले परतवले, हे खरे. मात्र पुढच्याच वर्षी पुएब्ला पडले. खुद्द मेक्सिकोत पुएब्लाबाहेर या दिवसाचे कोणाला फारसे सोयरसुतक नसते. अमेरिकेतला हा सण म्हणजे बिअर कंपन्यांनी मांडलेला बाजार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मळवाट :
बाजाराबद्दल सहमत, १९८० च्या दशकात मद्य कंपन्यांनी तो मांडला. पण सण त्यांनी जन्माला घातला, हे साफ चूक आहे. पुएब्लाची बातमी कॅलिफोर्नियात पोहोचली तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, आणि फ्रेंच मेक्सिकोत स्थिरावले तर गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे फावेल, ही भीती तिथल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना होती. त्यांनी गावोगावी देशभक्त मंडळे काढली, हुआरेस यांच्यासाठी वर्गणी गोळा केली आणि १८६३ पासून हा दिवस मिरवणुका व भाषणांनी साजरा केला. संशोधक डेव्हिड हेस-बाउतिस्ता यांनी त्या काळच्या स्पॅनिश वृत्तपत्रांतून हे सारे उजेडात आणले आहे. तेव्हा 'मेक्सिकोत साजरा होत नाही, म्हणून खोटा' हा युक्तिवाद टिकत नाही; हा सण मुळातच अमेरिकेतल्या मेक्सिकनांचा आहे. पुढे चिकानो चळवळीने (अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीने) तो पुन्हा हाती घेतला, तोही बिअरसाठी नव्हे.

दूरदेशी :
१८६३ ची गोष्ट मला ठाऊक नव्हती. 'बाजार' हा शब्द त्या काळापुरता मागे घेतो. पण आज चिकटवलेल्या मिशा लावून नाचणाऱ्यांना त्या मंडळांचा वारस मानायला मी तयार नाही.

सांजवेळ :
मिशांबाबत तुमच्याच बाजूने आहे. आमच्या टीममधल्या पुएब्लाच्या बाई त्या दिवशी मुद्दाम डबा आणतात आणि कॅन्टीनकडे फिरकत नाहीत. मात्र 'पुएब्लाबाहेर सोयरसुतक नाही' हे त्यांना पटणार नाही. मेक्सिको सिटीतल्या पेन्योन दे लोस बान्योस या वस्तीत लोक दर वर्षी तोंडाला काजळी फासून, बारुदाचे बार काढत ही लढाई रस्त्यावर पुन्हा लढतात. कोण फ्रेंच होणार आणि कोण साकापोआश्तला, हे आधी ठरलेले असते. (साकापोआश्तला म्हणजे पुएब्लाच्या डोंगराळ भागातून आलेले आदिवासी लढवय्ये.) राहिला प्रश्न सण इकडचा की तिकडचा. सारागोसा त्या विजयानंतर चारच महिन्यांनी विषमज्वराने गेले, आणि त्यांचे जन्मगाव गोलियाद आज टेक्सासमध्ये आहे.