उडत्या बेडकासाठी सिमेंटच्या टाक्या? माझा विरोध आहे

रानवाटसरू:
आमच्या सावंतवाडीकडच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात सध्या वर्गणी चाललीय. कशासाठी, तर मलबार ग्लायडिंग फ्रॉग, म्हणजे आपला उडता बेडूक, याच्यासाठी जंगलाच्या कडेला सिमेंटच्या टाक्या बांधायच्या. गेल्या पावसात कुणाच्या तरी बागेतल्या टाकीवर एकाच वेळी बरीच घरटी लटकलेली दिसली. झालं, "बेडकाला टाकी आवडते" असं ठरवून मंडळी मोकळी!

घरटं कसं होतं ते मी जवळून बघितलंय. रात्री मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर येते, पाठीवर तिच्याहून लहान नर. अंड्यांबरोबर येणारा चिकट स्राव मागच्या पायांनी ताकासारखा घुसळत राहायचा, की फेस. दोनचार पानं त्यात चिकटून गोळा होतो. बाहेरून सुकतो, आत ओला राहतो. काही दिवसांनी पावसानं फेस विरघळतो आणि बेडूकमासे टपटप खाली पडतात. खाली पाणी असेल तर ठीक, नाहीतर चिखलात वळवळून संपले. टाकीवर घरटी दिसली ती खाली पाणी होतं एवढ्यासाठी. यात आवडनिवड कुठून आली?

खरा राग वेगळाच आहे. हा बेडूक दहाएक सेंटीमीटरचा, हिरवागार, बोटांमध्ये लालकेशरी पडदे, एका झेपेत नऊ ते बारा मीटर तरंगत जातो. फोटोत छान दिसतो, म्हणून सगळं त्याच्यासाठी. शास्त्राला तो १८७० पासून ठाऊक. आंबोलीचंच नाव मिळालेला झुडूपबेडूक मात्र २००९ मध्ये कुठे कागदावर आला! त्याला डबकं लागतच नाही. बेडूकमासा व्हायची भानगड नाही, अंड्यातून थेट इवला बेडूक बाहेर. त्याला हवी दाट सावली, शेवाळ आणि कुणी न झाडलेला पालापाचोळा. टाकीसाठी जागा 'साफ' करताना नेमकं तेच जाणार.

पोफळीवाला:
सहमत नाही. आमच्या कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, टाकी वडिलांनी बांधलेली. दर जूनला तिथे घरटी असतात. काही जण म्हणतात, टाकीत वाढलेली पिल्लं भिंत चढून बाहेर येऊ शकत नाहीत; त्यांनी येऊन बघावं, बोटांच्या टोकांना चिकट गाद्या असतात, सिमेंटची भिंत सहज चढतात. जंगलातली डबकी म्हणाल तर ती शिल्लक कुठे आहेत? आमच्या खालच्या अंगाला डोंगराचा डोंगर रबराखाली गेला. रबराच्या ओळींत जमीन झाडून ठेवलेली, झुडूप नावाला नाही. तिथे नावं ठेवायला कुणी जात नाही.

अजून एक. टाकीवरची फणसाची फांदी आम्ही दरवर्षी छाटायचो, पानं पाण्यात पडतात म्हणून. पोरांनी तिच्यावर घरटं बघितलं त्या वर्षापासून कोयता लावलेला नाही. नुसतं पाटीवरचं 'जंगल वाचवा' वाचून कुणी फांदी ठेवली असेल तर सांगा.

चिखलपाय:
पोफळीवाले, पोफळीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारत असालच. कुठे कालवता?

पोफळीवाला:
पिंपात कालवतो. पंप मात्र टाकीपाशीच धुतो. पाणी तिथेच असतं ना.

चिखलपाय:
मग तेच सांगतोय. बोर्डोत मोरचूद असतं, म्हणजे तांबं. बेडूकमाशांना ते थोडंसुद्धा भारी पडतं. फवारणी पावसाच्या तोंडावर, घरटीही तेव्हाच. वरून फणसाची फांदी राखायची आणि खालून विष, असं होतं नकळत.

सातभाई:
आमच्याकडची गंमत ऐका. बेडकांसाठी म्हणून टाकी बांधली. दोन महिन्यांत डासांची तक्रार. मग कुणीतरी गप्पी मासे आणून सोडले. पुढच्या पावसात वर फेसाचे गोळे लोंबतायत आणि खाली गप्पी वाट बघत बसलेत! टाकी बांधणाऱ्यांनी फोटो मात्र झकास काढले.

शिखरवेडा:
रानवाटसरू, 'दाट सावली' हेही सगळीकडे लावू नका. केरळात अनाईमुडीवर, २६९५ मीटर उंचीच्या त्या शिखराच्या परिसरात, याच झुडूपबेडकांच्या गोतातला एक लालकेशरी बेडूक राहतो. २०१० मध्ये त्याचं वर्णन झालं. बसतो कुठे, तर गवताच्या बुंध्यात. तिथे हौसेनं झाडं लावलीत तर त्याचंच घर जाईल. निलगिरी आणि वॅटल ही परदेशी झाडं लावून दक्षिणेतल्या उंच गवताळ डोंगरांची काय दशा केली ते बघा. शिवाय खाली गरम झालं तर वर सरकायला शिखराच्या पलीकडे डोंगरच नाही. प्रत्येक जातीची गरज वेगळी, एवढंच म्हणतोय.

रानवाटसरू:
शिखरवेडा, मान्य. सावलीचं मी आपल्या घाटापुरतं म्हटलं होतं. पोफळीवाले, तुमची फांदी मलाही आवडली, खोटं कशाला बोलू. पण तुमची टाकी आधीपासून बागेत आहे, वर झाड आहे, झाडाखाली पाचोळा आहे. गटातले लोक रानातली झुडपं तोडून नवा चौथरा घालणार आहेत. या दोन गोष्टी एकच आहेत असं मला कुणी पटवू नका. वर्गणी मी दिलेली नाही, देणारही नाही. तेवढ्या पैशात ओढ्याकाठचा तुकडा कुणी पाच वर्षं न झाडता, न तोडता ठेवणार असेल तर पहिला हजार माझा.

पोफळीवाला:
पाच वर्षं न तोडता ठेवायचं म्हणजे त्या जमिनीतलं उत्पन्न बुडालं, ते हजारात भरून निघत नाही. हिशेब करून बोला. टाकी मी बुजवणार नाही. पंप धुवायची जागा मात्र परवाच्या रविवारी विहिरीच्या पल्याड हलवतो, तिकडून पाणी टाकीकडे उतरत नाही. चिखलपाय, तिथली जमीन बघायला येणार का?