सर्टन : खात्री कोणाची आणि कशाची?

प्रश्न असा आहे : 'सर्टन' म्हणजे निश्चित, हे शाळेपासून पाठ आहे. मग 'अंडर सर्टन कंडिशन्स'चे 'निश्चित परिस्थितीत' हे भाषांतर चुकीचे का म्हणायचे?

चुकीचेच म्हणायला हवे, कारण वाचणाऱ्याला त्यातून भलताच अर्थ लागतो. 'निश्चित परिस्थितीत रक्कम परत मिळेल' हे वाक्य विम्याच्या कागदावर वाचले, तर रक्कम मिळणार हे पक्के, असे वाटते. मूळ इंग्रजी वाक्य जेमतेम एवढेच सांगत असते की काही ठरावीक परिस्थितीत रक्कम मिळेल, एरवी नाही. अशी भाषांतरे सर्रास छापली जातात आणि भरवशावर सही करणारा माणूस त्यात अडकतो, म्हणून मला हा मुद्दा किरकोळ वाटत नाही.

हे विशेषण वाक्यात कुठे बसले आहे ते आधी पाहावे. 'आय ॲम सर्टन', 'डिफीट इज सर्टन' असे क्रियापदानंतर आले, की अर्थ खात्रीचा. नामाच्या आधी आले, की बहुधा 'काही', 'ठरावीक', 'अमुक एक'. 'अ सर्टन मिस्टर जोशी' म्हणजे 'कोणी एक जोशी'. बोलणाऱ्याला नाव कळले आहे, ओळख मात्र नाही. 'टु अ सर्टन एक्स्टेंट' म्हणजे काही अंशी. 'बहुधा' म्हणालो, कारण 'सर्टन डेथ' म्हणजे अटळ मरण. तिथे नामाच्या आधी असूनही अर्थ खात्रीचाच आहे. 'सर्टन डेथ्स' असे अनेकवचन केले, की लगेच 'काही मृत्यू'.

एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे नांदतात? मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ चाळणे, वेगळे काढणे, त्यावरून ठरवणे. त्यापासून 'सर्टस' म्हणजे ठरलेले, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीतला 'सर्टन'. गोष्ट ठरलेली आहे आणि तसे ठासून सांगितले, की झाली खात्री. ठरलेली आहे, पण कोणती ते उघड केले नाही, की झाले 'काही एक'. आपला 'ठरावीक' हा शब्दही ठरण्यातूनच आला आहे, त्यामुळे दुसऱ्या अर्थाला तो छान बसतो.

कायद्याच्या मराठीत यासाठी 'विवक्षित' हा शब्द रूढ आहे. संस्कृतात विवक्षा म्हणजे बोलण्याची इच्छा. विवक्षित म्हणजे जे सांगायचे मनात आहे ते. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मथळ्यात 'सर्टन राइट्स' आहेत, २२व्याच्या मथळ्यात 'सर्टन केसेस'. तिथे 'निश्चित हक्क', 'निश्चित प्रकरणे' म्हटले असते तर घोटाळाच झाला असता. 'विवक्षित' जड वाटतो हे मान्य, पण तो नेमका आहे. रोजच्या लिहिण्यात 'काही' किंवा 'ठरावीक' पुरे.

कायद्यात पहिला अर्थही सापडतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम २९ म्हणते, की ज्या कराराचा अर्थ 'सर्टन' नाही आणि तसा करून घेणेही शक्य नाही, तो रद्दबातल. कलमाखालचे एक उदाहरण असे : शंभर टन तेल विकण्याचा करार झाला, पण कोणते तेल हे कळायला काहीच आधार नाही. दुसरे पांढऱ्या घोड्याचे : किंमत पाचशे रुपये किंवा हजार रुपये, दोन्हींपैकी कोणती ते कुठेच नाही. इथे 'सर्टन' म्हणजे निःसंदिग्ध, ज्यात दोन अर्थ निघत नाहीत असे.

आता जिथे चांगले वाचणारेही घसरतात ते. 'ही इज सर्टन टु विन' आणि 'ही इज सर्टन ऑफ विनिंग' ही वाक्ये सारखी नाहीत. पहिल्यात खात्री बोलणाऱ्याची : तो जिंकणारच. स्वतः खेळाडू धास्तावलेला असला तरी चालेल. दुसऱ्यात खात्री खेळाडूची : आपण जिंकू असे तो धरून चालला आहे; बोलणाऱ्याचे मत काय, ते कळत नाही. मराठीत पहिल्या वाक्याला विशेषण लागतच नाही, शेवटचा 'च' सगळे काम करतो. 'त्याला जिंकण्याची खात्री आहे' असे दोन्हींचे सरसकट भाषांतर केले, की पहिले वाक्य हातचे गेले.

पुढचा प्रश्न 'शुअर'चा. 'आय ॲम शुअर' आणि 'आय ॲम सर्टन' यांत फार अंतर नाही. दुसरे थोडे जास्त ठाम. मात्र 'इट इज सर्टन दॅट' चालते, तसे 'इट इज शुअर दॅट' इंग्रजीत सहसा म्हणत नाहीत. 'शुअर' होतो तो माणूस, एरवी 'शुअर टु' अशी रचना हवी.

'नक्की' वापरतानाही जपावे. 'तू नक्की येशील ना?' यात खात्री आहे, पण 'तू नक्की कुठे आहेस?' यात 'नेमका' हा अर्थ आहे, आणि तिथे इंग्रजीत 'सर्टन' नाही, 'एक्झॅक्टली' लागते.