मदत हवी आहे : व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर बाबांना फिट आली, पुढे काय?

नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचा एऑर्टिक व्हॉल्व्ह (झडप) बदलला. ऑपरेशननंतर साधारण सहा तासांनी आयसीयूत त्यांना फिट आली, अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. आधी कधीच नव्हती. सीटी स्कॅनमध्ये पक्षाघात दिसला नाही, ईईजीही (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) ठीक. तेव्हापासून लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे.

भूलतज्ज्ञ म्हणाले की रक्तस्राव कमी व्हावा म्हणून देतात त्या ट्रानेक्झामिक ॲसिडमुळेही असं होऊ शकतं. मी शोधलं, तर २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात हे औषध दिलेल्यांपैकी ०.७ टक्के लोकांना झटके आले होते, न दिलेल्यांत ०.१ टक्का. म्हणजे दुर्मीळच, पण नेमकं आमच्याच वाट्याला!

व्हॉल्व्ह धातूचा असल्याने रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आहे. फिटच्या काही जुन्या गोळ्यांनी, म्हणजे फेनिटॉइन वगैरेंनी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) खालीवर होतो, म्हणून लेव्हेटिरासिटाम निवडली म्हणे. पण ती सुरू झाल्यापासून बाबा फार चिडचिडे झालेत. आईवर कधी आवाज न चढवणारा माणूस परवा मिठावरून ताट सरकवून उठला. गोळी आम्ही बंद केलेली नाही, तपासणी पुढच्या सोमवारी आहे.

कुणाच्या घरी असं झालंय का? गोळी किती महिने चालली? चार-पाच वर्षांनंतर तब्येत कशी आहे? आणि न्यूरॉलॉजिस्टना नेमकं काय विचारू? (मावशी फिटसाठी उशाशी कांदा ठेवून गेलीय, तो उपाय कृपया सुचवू नका.)