बाथरूमची गळती: टाइल्स फोडण्याआधी पाणी नेमकं कुठून जातंय ते कसं शोधावं?

ठाणेकर_३०३

इमारत १८ वर्षांची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. संडास-बाथरूम एकत्र, आतून साधारण ४ बाय ७ फूट. खालच्या फ्लॅटच्या छताला डक्टकडच्या (पाइपांच्या उभ्या पोकळीकडच्या) कोपऱ्यात ओल धरली आहे. प्लास्टर फुगलंय, दोन ठिकाणी पांढऱ्या क्षाराचे सुळके लोंबतायत. थेंब दिवसभर पडतात, पण आमच्या आंघोळी उरकल्या की वाढतात. पावसाचा संबंध नाही, उन्हाळ्यातही तेच.

पाइप सीपीव्हीसीचे, भिंतीत गाडलेले. कमोड जमिनीवर बसवलेला. जमिनीच्या टाइल्स १ बाय १ फूट, भिंतीच्या १ बाय दीड. जोडांत पांढरं सिमेंट होतं, ते बरंच निघून गेलंय. एका प्लंबरचं म्हणणं, सगळं फोडून संकपासून (टाइल्सखालच्या खोलगट स्लॅबपासून) नवं करा. दुसरा म्हणतो, टाइल्सवर पारदर्शक केमिकल ओता, एका दिवसात काम. दोघांपैकी कोणीही काही तपासलं नाही.

फोडण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? आणि नुसतं ग्राउट बदलून भागेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

नळजोड

आधी दोघांनाही थांबवा. बाथरूममधलं पाणी तीन वाटांनी खाली जातं: नळाची दाबाची लाइन, सांडपाण्याची लाइन (नहाणी ट्रॅप म्हणजे जमिनीच्या जाळीखालचं भांडं, कमोड, डक्टमधले जोड) आणि जमीन-भिंतीचे जोड. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आणि खर्चही वेगळा. कोणती वाट ते कळल्याशिवाय छिन्नी उचलू नका.

सुरुवात बाथरूम पूर्ण बंद ठेवून करा. स्टॉप कॉक (बाथरूमचं पाणी तोडायचा नळ) बंद, वापर बंद. संकमध्ये विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. त्यामुळे गळती थांबली तरी थेंब लगेच थांबत नाहीत, आठ-दहा दिवस, कधी तीन-चार आठवडेही लागतात. दुसरं बाथरूम असेल तर हे जमेल. नसेल तर निदान दोन दिवस तरी बंद ठेवा आणि खाली बादली लावून दिवसाला किती पाणी जमतं ते मोजा. हा आकडा पुढच्या सगळ्या तपासण्यांचा पाया आहे, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका.

मग दोन उलट प्रयोग करा.

पहिला: स्टॉप कॉक बंदच ठेवा, पण आंघोळ स्वयंपाकघरातून बादलीने पाणी आणून करा. फ्लशही बादलीनेच. नळाच्या लाइनमध्ये दाब नाही, जमीन आणि सांडपाणी मात्र वापरात. खालचे थेंब वाढले तर ती वाढ लाइनमुळे नाही.

दुसरा: स्टॉप कॉक चालू, लाइन भरलेली, पण बाथरूम अजिबात वापरायचं नाही. तरी थेंब वाढले तर लाइन गळतेय.

यात एक फसवी जागा आहे. फ्लश टाकीचा वॉशर खराब असेल तर टाकीतून कमोडमध्ये अखंड धार चालू राहते, आणि सांडपाण्याचा जोड सैल असेल तर ती चोवीस तास खाली टपकते. बघणाऱ्याला वाटतं नळाची लाइन फुटली. म्हणून टाकीत चमचाभर नीळ टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. कमोडच्या पाण्यात निळसर छटा आली तर आधी वॉशर बदला, मग पुढच्या तपासण्या. नीळ जमिनीवर मात्र ओतू नका, पांढरे जोड डागाळतात आणि ते निघत नाही.

लाइनवर संशय आलाच तर हाताचा हायड्रॉलिक टेस्ट पंप भाड्याने मिळतो. गीझरची थंड आणि गरम कनेक्शन गीझरवरून सोडवा आणि दोन्ही टोकं एका ब्रेडेड पाइपने एकमेकांना जोडा, म्हणजे दोन्ही लाइन एकदम तपासल्या जातील. गीझर जोडलेला ठेवून दाब देऊ नका, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी सोडतो आणि काटा उगाच उतरतो. नळ काढून एंड प्लग लावा, एका जागी पंप. सगळी हवा बाहेर काढून ५ ते ६ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्या. सुरुवातीला काटा थोडा खाली येतो, प्लॅस्टिक ताणलं जातं. १० मिनिटांनी पुन्हा दाब भरा आणि मग अर्धा तास काटा बघा. तो जागचा हलला नाही तर लाइन निर्दोष. उतरला तर स्टॉप कॉक पूर्ण बंद होतोय का हे आधी बघा. जुने स्टॉप कॉक बहुधा पाणी मागे सोडतात आणि दोष लाइनच्या माथी बसतो.

टाकीच्या पाण्याचा दाब दर १० मीटर उंचीला १ किलोच असतो. म्हणून वरच्या मजल्यांवर बारीक चीर महिनोन्महिने नुसती पाझरत राहते, फवारा कधी दिसत नाही.

स्थापत्य_मिरज

+१. लाइन निर्दोष ठरली की जमिनीची परीक्षा, म्हणजे पाणी साठवून बघणं. ही बहुतेक लोक अर्धवट करतात.

खालच्यांना आधी सांगा. कोपऱ्यात दिवा किंवा एक्झॉस्ट फॅन असेल तर त्याचा एमसीबी खाली करायला लावा. मग नहाणीचं तोंड बंद करून उंबऱ्याखाली मावेल इतकंच, साधारण इंचभर पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा. शेजारी एका घमेल्यात पाणी भरून त्यालाही खूण करा. पाणी नुसतं वाळूनही दिवसात दोन-चार मिलिमीटर उतरतं. घमेल्याची पातळी जितकी उतरली त्यापेक्षा जमिनीची जास्त उतरली तरच गळती म्हणायची. किमान २४ तास, शक्य असल्यास ४८.

नहाणी कुठे बंद करता हे फार महत्त्वाचं आहे, कारण टाइल आणि ट्रॅपच्या गळ्यातली सांध ही सगळ्यात जास्त गळणारी जागा. परीक्षा दोनदा करा:

खोल बूच: जाळी काढून ट्रॅपच्या गळ्यात, टाइलच्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच खाली रबरी टेस्ट प्लग आवळा. आता गळ्याभोवतीची सांध पाण्याखाली आली.

वरचं बूच: जाळी जागेवर ठेवा, तिच्या चौकटीबाहेर चारही बाजूंना दोन इंच जाईल असा जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि कडा मुलांच्या खेळण्यातल्या तेलकट मातीने नाहीतर ब्यूटाइल टेपने घट्ट दाबा. कणीक वापरू नका, रात्रभरात सैल पडते. आता गळ्याची सांध कोरडी.

खोल बुचाला पातळी उतरली आणि वरच्या बुचाला टिकली, तर दोष गळ्याच्या सांधीत. दोन्ही वेळा उतरली तर टाइल्सचे जोड किंवा जमीन-भिंतीचा कोपरा. दोन्ही वेळा टिकली, पण बूच काढून बादलीभर पाणी ओतल्यावर खाली थेंब वाढले, तर ट्रॅपपासून डक्टपर्यंतच्या पाइपचा जोड गेलाय. तिथे मात्र फोडण्याला पर्याय नाही, पण तेही ट्रॅप ते डक्टची भिंत एवढाच दीड फुटी पट्टा.

भिंतही विसरू नका. नळाच्या मागची स्टीलची गोल फ्लँज उचलून बघा. बहुतेक ठिकाणी तिच्यामागे बोटभर भोक उघडं असतं आणि शॉवरचं पाणी थेट भिंतीत जातं. भोक पॉलिमर मॉर्टरने भरा, फ्लँजच्या कडेला न्यूट्रल सिलिकॉन, खालचा अर्धा इंच मोकळा सोडून. आतून कधी नळाचा जोड गळलाच तर पाणी तिथून बाहेर दिसलं पाहिजे. कमोडच्या बुडाशीही मागच्या बाजूला अशीच दोन इंच फट ठेवावी.

ग्राउटचं: तुमचे जोड मोकळे झालेत, ते तसंही करायलाच हवं. पण पांढऱ्या सिमेंटने पुन्हा भरू नका, ते आकसतं आणि ॲसिडने धुतलं की विरघळतं. तीन घटकांचं इपॉक्सी ग्राउट घ्या. जमीन साधारण अडीच चौरस मीटर आणि भिंत ३ फूट उंचीपर्यंत ६ चौरस मीटर, जोड ३ मिमी रुंद आणि ८ मिमी खोल धरला तर २ किलोच्या आसपास लागतं. वाया जाणारं धरून अडीच किलो आणा.

जुना जोड किमान ५ ते ६ मिमी खोल कोरा, नुसता वरून घासून भागत नाही. धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, मग दोन दिवस पंखा लावून पूर्ण वाळवा. ओल्या जोडात इपॉक्सी चिकटत नाही, महिन्याभरात पट्टीसारखं उचलून येतं. मिश्रणात पाण्याचा थेंबही नको. उन्हाळ्यात अर्ध्या तासात ते दगड होतं, म्हणून एका वेळी अर्धा किलोच कालवा आणि काम दाराच्या दिशेने मागे सरकत करा. रबरी फ्लोटने तिरकं दाबून भरा, १५ ते २० मिनिटांत ओलसर नायलॉन पॅडने पुसा. चार दिवस पाणी पडू देऊ नका. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे सॅनिटरी सिलिकॉन. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, कडक वस्तू तिथे तडकणारच.

पारदर्शक केमिकल केसासारख्या चिरांपुरतं ठीक आहे. तुमचे जोड उघडे आहेत, त्यावर ओतणं म्हणजे पैसे नहाणीत सोडणं.

ठाणेकर_३०३

सविस्तर प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. फ्लश टाकी ठीक आहे. बादलीने आंघोळ केली तरी थेंब वाढतात, लाइन नुसती भरून ठेवली तर वाढत नाहीत. खोल बुचाला पातळी घमेल्यापेक्षा १० मिमी जास्त उतरली, वरच्या बुचाला दोन्ही सारख्या. म्हणजे गळ्याची सांध. जाळीभोवती पांढरं सिमेंट भरून होईल का?

नळजोड

तुम्ही निदान अगदी नेमकं केलंत. पांढऱ्या सिमेंटने मात्र नाही होणार. तिथे आताही तेच असेल. ट्रॅप पीव्हीसीचा, गुळगुळीत. सिमेंट त्याला धरतच नाही. वाळताना केसभर फट पडते आणि पाणी टाइलखालून कोब्यात उतरतं. सगळी करामत त्या प्लॅस्टिकला सिमेंट धरायला लावण्यात आहे.

ट्रॅपभोवती १० बाय १० इंचाचा चौकोन ग्राइंडरने कापा, टाइलच्या जाडीपुरताच. खालचा मसाला हातोडी आणि बारीक छिन्नीने ४ सेंमी खोल काढा, ट्रॅपचा गळा बाहेरून सगळीकडे दिसेपर्यंत. ब्रेकर मशीन लावू नका, हादऱ्याने खालचा पाइपचा जोड निखळला की दीड फुटी पट्टा फोडायची वेळ येईल. तोंडात फडकं कोंबा, दोरी बांधून, म्हणजे राबिट (फोडलेला मसाला) आत पडणार नाही.

गळा बाहेरून आणि आतूनही वरचा इंचभर ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. बाहेरून पीव्हीसी सोल्व्हंट सिमेंटचा जाड हात द्या आणि ओलं असतानाच कोरडी जाड वाळू त्यावर दाबून चिकटवा. दोन तास सुकू द्या. आता प्लॅस्टिक खरखरीत झालं.

खड्डा ओला करा, साचलेलं पाणी टिपून घ्या. सिमेंट आणि एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रव) ब्रशने लागेल इतकं दाट कालवून सगळीकडे लावा आणि ते चिकट असतानाच मसाला भरा: सव्वा किलो सिमेंट, पावणेचार किलो चाळलेली वाळू, २०० मिली लेटेक्स, पाणी अगदी बेताचं. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, पाणी सुटू नये. ठोकून ठोकून भरा. वर टाइल आणि चिकटवणीसाठी १२ ते १५ मिमी जागा सोडा. एक दिवस ओलं गोणपाट, मग हवेत वाळू द्या.

दोन दिवसांनी दोन घटकांच्या सिमेंट-ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात. पहिला ओला असताना त्यात फायबरची जाळी बसवा, सहा तासांनी दुसरा हात आडवा. कोटिंग ट्रॅपच्या गळ्यात आत इंचभर उतरवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग सांध पुन्हा उघडी पडते. तीन दिवस वाळल्यावर, टाइल बसवण्याआधी, खोल बूच लावून पुन्हा २४ तास पाणी भरा. टाइल बसल्यावर दोष सापडला तर सगळं परत उकरावं लागतं.

टाइल चिकटवणीने बसवा, सिमेंट रगड्यात नको. जाळीकडची कड ३ मिमी खाली ठेवा, जाळीची चौकट इपॉक्सीनेच पक्की करा. जमिनीला ढाळ दर मीटरला एक सेंटिमीटर तरी हवा. ७ फुटांत तो साधारण २ सेंमी येतो. लेव्हल ट्यूबने बघून घ्या. ढाळ उलटा असेल तर पाणी कोपऱ्यात साचून राहील.

संक_आणि_स्लॅब

खालच्यांच्या छताबद्दल थोडं. तुमच्याकडे जोड बंद झाले तरी संकमध्ये मुरलेलं पाणी तीन-चार आठवडेही टपकत राहू शकतं. त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर काम फसलं असं वाटून तुमच्या टाइल्स उगाच फुटतील. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, दर आठवड्याला नवी रेघ. रेघा आत सरकत असतील तर छत वाळतंय. खालून इंजेक्शन मारायला (स्लॅबच्या चिरांत दाबाने केमिकल भरायला) आता कोणी सुचवलं तर नको म्हणा. वरचं पाणी बंद न करता खालून भोकं बुजवली की ते बाजूच्या भिंतीतून वाट काढतं.

फुगलेलं प्लास्टर मात्र लगेच पाडा, डोक्यावर पडतं ते असंच, आणि पाडल्यावर स्लॅब मोकळा होऊन लवकर वाळतो. आत सळई दिसली तर तारेच्या ब्रशने लखलखीत होईपर्यंत गंज काढा, झिंकयुक्त प्रायमर लावा आणि पॉलिमर मॉर्टरने १० ते १५ मिमीच्या थरांनी भरा. सळईची जाडी गंजून डोळ्याला दिसण्याइतकी कमी झाली असेल तर हात लावू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीकडे आणि घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाकडे येते. तुमची तपासणी नहाणीवर बोट ठेवतेय, त्यामुळे हा खर्च तुमचा. खाली रंग द्यायची घाई करू नका. छतावर रात्रभर प्लॅस्टिकचा चौकोन टेपने चिकटवा. सकाळी त्याच्या आत बाष्प नसेल तेव्हाच प्रायमर.