अमेरिकन उजव्या विचारांची पुस्तकं सुचवा

प्रश्न: ओहायोत आठ वर्षं राहतोय. शेजारचे आजोबा पक्के रिपब्लिकन, माणूस लाख मोलाचा. टीव्हीवरची भांडणं नकोत, त्यांचा विचार मुळापासून समजून घ्यायचाय. कुठून सुरुवात करू?

उत्तर १: रसेल कर्क, 'द कन्झर्व्हेटिव्ह माइंड', १९५३. अठराव्या शतकातला ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क याच्यापासून सुरू होतं. जड आहे, घाई नको.

उत्तर २: मी आधी थॉमस सोवेल वाचायला सांगेन. 'अ कॉन्फ्लिक्ट ऑफ व्हिजन्स' (१९८७). माणूस मुळातच मर्यादित की सुधारत नेता येईल असा, या एका प्रश्नावरून दोन वाटा कशा फुटतात ते दाखवतो. वडिलांशी होणारे माझे वाद मला त्यातूनच उमगले.

उत्तर ३: चार्ल्स मरेंचं 'कमिंग अपार्ट' (२०१२). १९६० ते २०१० मधला गोरा समाज. लग्न, काम, चर्च कसं सुटत गेलं. निष्कर्ष सगळे पटले नाहीत, निरीक्षणं पटली.

प्रश्नकर्ता: सोवेल लायब्ररीत मिळाला. कर्क आजोबांकडेच आहे, म्हणाले घेऊन जा.