मदत हवी आहे: दमल्यावर पाऊल लांबते आणि गुडघा दुखतो, धावण्याची ढब मुद्दाम बदलावी का?

नमस्कार. गेले नऊ महिने मी आठवड्यातून तीन दिवस, मिळून साधारण २२ किलोमीटर धावते. दहा किलोमीटर न थांबता पूर्ण होतात. मात्र सहाव्या किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखू लागते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते पुन्हा जाणवते. डॉक्टरांनी तपासून सांध्यात दोष नसल्याचे सांगितले आहे, त्यामुळे औषधोपचारांविषयी मी विचारत नाही. माझा प्रश्न केवळ धावण्याच्या ढबीविषयी आहे.

माझी एक मैत्रीण बारा वर्षे लांब पल्ल्याचे धावते आहे. आमच्या उंचीत दोन बोटांचाही फरक नाही. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी ट्रेडमिलवर किलोमीटरला सात मिनिटे या एकाच वेगाने धावलो आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम) या गतीने बाजूने चित्रण केले. दुसऱ्या किलोमीटरला माझी पावले मिनिटाला १५८ पडत होती, तिची १७२. म्हणजे माझे पाऊल सुमारे ९० सेंटिमीटरचे आणि तिचे ८३ चे. चौकटी मोजल्या तेव्हा माझा पाय जमिनीवर ७४ चौकटी, म्हणजे ०.३१ सेकंद टेकलेला दिसला. तिचा ६२ चौकटी. टाच मात्र दोघींचीही आधी टेकत होती. चवड्यावर उतरणे हेच अनुभवी धावपटूचे लक्षण, असे मी समजत होते. तो समज तिथेच गेला.

खरा फरक आठव्या किलोमीटरला दिसला. तिची पावले १७१ होती, म्हणजे जवळजवळ तशीच. माझी १५२ वर आली होती, आणि ट्रेडमिलचा वेग तोच असल्यामुळे प्रत्येक पाऊल सुमारे ९४ सेंटिमीटरचे झाले होते. दमल्यावर माणूस पाऊल आखडते घेत असेल असे मला वाटे, घडत होते उलटेच. ती एक चौकट मी पुन्हापुन्हा पाहिली आहे: गुडघा जवळजवळ सरळ, बोटे वर उचललेली, टाच शरीराच्या बरीच पुढे टेकते आहे आणि धड कमरेतून पुढे वाकले आहे. पुढच्या काही चौकटींत गुडघा झपाट्याने दुमडतो. पाऊल शरीराच्या इतके पुढे पडले की जमीन आपल्याला मागे ढकलून ब्रेक लावते, तो भार मांडीच्या पुढच्या स्नायूला पेलावा लागतो आणि तोच स्नायू वाटीला मागे दाबतो, एवढे मला समजले आहे. शिवाय मागून घेतलेल्या चित्रणात उजवा पाय टेकलेला असताना डावा खुबा खाली झुकतो. तिचा फारसा झुकत नाही.

यानंतर बरेच वाचन केले, आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. मिनिटाला १८० पावले हा आकडा सर्वत्र आढळतो. तो धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील धावपटूंची पावले मोजली, त्यातून आला. ते धावपटू माझ्यापेक्षा कितीतरी वेगात धावत होते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावणे मला पटत नाही. २०११ मध्ये हायडरशाइट आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी दाखवले की वेग तोच ठेवून पावलांची संख्या ५ ते १० टक्के वाढवली, तरी गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. माझ्या बाबतीत ५ टक्के म्हणजे १६६ पावले, आणि हे आवाक्यातले वाटते. २०१४ मधील एका अभ्यासात तर नवोदित धावपटू आपोआप निवडतात ती पावलांची संख्या, सर्वांत कमी ऑक्सिजन लागणाऱ्या, म्हणजे सर्वांत कमी श्रमाच्या, संख्येपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळली. अनुभवी धावपटूंमध्ये ही तफावत सुमारे ३ टक्केच होती.

याउलट, २०१२ मध्ये मूर, जोन्स आणि डिक्सन या संशोधकांनी दहा आठवडे धावण्याचा सराव केलेल्या नवशिक्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांना ढबीविषयी काहीही शिकवले नव्हते, तरीही त्यांची ढब आपसूक बदलली आणि ऑक्सिजनची गरज कमी झाली. मग माझ्या शरीरालाही आपसूक बदलायला आणखी वेळ द्यावा का? पण दुखऱ्या गुडघ्याने वाट पाहणे कठीण आहे. नवोदितांना दर १००० तास धावण्यामागे १७.८ दुखापती आणि हौशी पण सरावलेल्या धावपटूंना ७.७, हे अनेक अभ्यासांच्या २०१५ च्या एकत्रित विश्लेषणातील आकडे वाचल्यापासून मी निश्चिंत राहू शकलेले नाही.

ज्यांनी स्वतः हा बदल केला आहे किंवा इतरांकडून करून घेतला आहे, त्यांच्याकडून मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पावले वाढवण्याचा सराव ताजेतवाने असताना करावा की सहाव्या किलोमीटरनंतर, जिथे ढब खरोखर मोडते तिथे? मेट्रोनोम (ठरावीक तालाने टिकटिक करणारे साधन) लावून १६६ चा ताल मी दोनदा धरून पाहिला. दहा मिनिटे जमले, नंतर लक्ष सुटले आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ताठल्या. गुडघ्याचा भार घोट्यामागच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) ढकलून मी नवी दुखापत तर ओढवून घेत नाही ना, ही शंका आहे. कारण धावण्याचा दम, म्हणजे टिकून राहण्याची क्षमता, लवकर वाढतो, पण कंडरा फार सावकाश सरावते. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम केल्याने खुब्याचे झुकणे धावतानाही कमी झाले, असा कोणाचा चित्रणासह पडताळलेला अनुभव आहे का?

आणि सर्वांत महत्त्वाचे: पुढील सहा आठवडे अंतर दहावरून सहा किलोमीटरवर आणून, ढब टिकते तेवढेच धावावे, असा माझा विचार आहे. मैत्रिणीच्या मते अंतर तेच ठेवून दर किलोमीटरनंतर एक मिनिट चालावे, म्हणजे दमही राखला जाईल. यांपैकी कोणता मार्ग तुम्ही निवडाल, आणि कशावरून? चित्रणातील आणखी काही मोजून हवे असल्यास सांगावे. मी मोजून इथेच लिहीन.